मदत हवी आहे: कॉट्सवोल्ड्स की समुद्रकाठ?
नमस्कार मंडळी, लंडनजवळचं स्लाऊ सोडायचं पक्कं केलंय. कुठे जायचं यावर घरात एकमत नाही. ह्यांना कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांमधलं मोरटन-इन-मार्श हवंय: मधाळ रंगाच्या दगडाची घरं, मंगळवारचा बाजार आणि लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला थेट गाडी. माझं मन समुद्रकाठच्या लाइम रीजिसवर बसलंय. पण तिथलं स्टेशन १९६५ मध्येच बंद झालं, गाडीसाठी ॲक्समिन्स्टर गाठावं लागतं. रस्ते असे चढाचे की सासूबाईंचे गुडघे पहिल्याच दिवशी संप पुकारतील! शिवाय कड्यांच्या दरडी कोसळतात, म्हणजे घराच्या विम्याचं काय? हिवाळ्यात सुट्टीची घरं बंद झाली की गाव ओस पडतं का? जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव लगेच लागतं का? कढीपत्ता पोस्टाने मागवू, त्याची चिंता नाही. तिथे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.