सौरवाऱ्यात टक्करच होत नाही, मग त्याला द्रव कसं मानायचं?

दांडियाबाजारकर:
एमएस्सीच्या प्रोजेक्टला सौरवारा (सूर्याकडून येणारा प्रोटॉन-इलेक्ट्रॉनचा झोत, म्हणजे प्लाझ्मा) पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो ते मॉडेल करायचंय. पार्टिकल-इन-सेल कोड लिहिला (जागेचे छोटे चौकोन म्हणजे सेल पाडायचे आणि त्यातून एकेक कण हलवायचा), एका मितीत मस्त चालला, प्लाझ्मा ऑसिलेशन (इलेक्ट्रॉनांचं मागेपुढे हेलकावणं) पण दिसली, म्हणून हुरूप आला आणि सेल थेट १ किलोमीटरचा केला तर आता एकूण ऊर्जा आपोआप चढतच चाललीये, बाहेरून काहीच देत नाहीये तरी. सर म्हणतात एमएचडी (मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक्स) वापर. पण त्यात प्लाझ्मा द्रव धरतात ना? इथे तर प्रोटॉन एकमेकांना धडकतच नाहीत! दोन रात्री झोप नाहीये.

सयाजीबागवाला:
बग शोधत बसू नको, आधी डिबाय लांबी काढ, म्हणजे ज्या अंतरापलीकडे एका कणाचा विद्युतभार बाकीचे कण झाकून टाकतात ते अंतर. पृथ्वीजवळ घनसेंटिमीटरला ५-एक प्रोटॉन, तापमान लाखभर केल्विन, म्हणजे ती १० मीटरच्या आसपास येते. सेल त्याहून खूप मोठा झाला की प्लाझ्मा खोटाच तापतो. आणि १० मीटरचे सेल घेऊन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सूर्याकडच्या सीमेपर्यंत, म्हणजे साधारण ६४ हजार किमी, जायचं तर एकाच दिशेत ६४ लाख सेल झाले. तिन्ही दिशांचा हिशोब तूच कर.

जुनी_एमएससी_ताई:
द्रवाचा प्रश्न अगदी बरोबर विचारलास. टक्कर व्हायला प्रोटॉनला साधारण सूर्य ते पृथ्वी एवढं अंतर जावं लागतं. पण त्याला बांधून ठेवतं चुंबकीय क्षेत्र. आपल्याकडचा नवरात्रातला गरबा वरून बघ, हजारो लोक गिरक्या घेतात, कोणी कोणाला धडकत नाही, तरी अख्खं रिंगण एकत्र सरकतं. सौरवाऱ्यातल्या ५ नॅनोटेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉनच्या गिरकीची त्रिज्या शंभरेक किमीच्या आतबाहेर, ६४ हजारापुढे किरकोळच, म्हणून मोठा आकार एमएचडीत नीट येतो. क्षेत्ररेषेच्या दिशेत मात्र कण मोकाट पळतात, तिथे एमएचडी फसतं. ज्या हानेस अल्फवेननी १९४२ मध्ये एमएचडीचा पाया घातला त्यांनीच १९७० च्या नोबेल भाषणात सांगितलंय, क्षेत्ररेषा प्लाझ्मात गोठलेल्या असतात, म्हणजे त्याच्यासोबतच सरकतात, हे सरसकट धरू नका म्हणून. तू हायब्रिड कोड घे रे, आयन कण म्हणून आणि इलेक्ट्रॉन द्रव म्हणून. मग डिबाय लांबीची कटकटच नाही, सेल शंभरेक किमीचा चालतो, आणि बो शॉकवरून (पृथ्वीसमोर सौरवारा अचानक मंदावतो ती धक्कालाट) उलटे फिरणारे आयनसुद्धा दिसतात.

दांडियाबाजारकर:
दादा, सेल ८ मीटरचा करून छोट्या डब्यात चालवला, ऊर्जेची रेघ सरळ आडवी आली!! ताई, हायब्रिडच घेतो. इनपुटला आदित्य-एल१ या भारतीय सौरयानाचा डेटा चालेल?

जुनी_एमएससी_ताई:
चालेल की. त्यावरचं अहमदाबादच्या पीआरएलचं (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) ॲस्पेक्स हे उपकरण प्रोटॉन आणि अल्फा कण मोजतंच. फक्त ते यान जिथे आहे तो एल१ बिंदू पृथ्वीपासून सूर्याकडे १५ लाख किमीवर आहे, सेकंदाला ४०० किमीने वारा पोचायला तासभर लागतो, तेवढी वेळ सरकवून घे.