पाच अक्षरी इंग्रजी शब्द, त्यात ठरावीक अक्षरं: यादीतून नेमके कसे गाळायचे?

शब्दगाळणी (प्रश्न)

वर्डलच्या (लपलेला पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ) कोड्यांसाठी पाच अक्षरी इंग्रजी शब्द काढायचे आहेत. तिसरं अक्षर ए, आर आणि टी कुठेही पण हवेतच, ई आणि एस अजिबात नकोत. लिनक्सवर शब्दांच्या दोन फाइली घेऊन ग्रेपला (साच्यात बसणाऱ्या ओळी गाळून देणारी आज्ञा) ^.....$ हा साचा दिला: टोपी म्हणजे ओळीची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट, मधे पाच टिंबं. एका फाइलमधून सगळे चार अक्षरी शब्द आले. दुसरीतून पाच अक्षरी आले, पण 'डॉग'ला ॲपॉस्ट्रॉफी आणि एस जोडलेली रूपंही त्यांत मिसळली. शिवाय आर आधी की टी आधी हे ठरलेलं नाही, मग ते एका साच्यात कसं लिहायचं?

टिंबडॉलर

चार अक्षरी शब्द देणारी फाइल विंडोजवर तयार झालेली आहे. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं असतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. लिनक्स फक्त दुसऱ्याला ओळीचा शेवट मानतो. पहिलं शब्दाला चिकटून राहतं आणि तुमचं पाचवं टिंब त्याच्यावरच खर्ची पडतं. आधी डॉसटूयुनिक्स (ते जादा चिन्ह काढून टाकणारी आज्ञा) चालवा, मग साचा लावा.

दुसऱ्या फाइलची अडचण टिंबाचीच. टिंब म्हणजे 'कोणतंही अक्षर' नव्हे, 'कोणतंही चिन्ह'. डी, ओ, जी, ॲपॉस्ट्रॉफी, एस: मोजून पाच. टिंबाऐवजी चौकोनी कंसात छोट्या लिपीतला ए ते झेड हा पल्ला द्या आणि तो पाचदा लिहा. त्याने ॲपॉस्ट्रॉफी गळते, आणि कॅपिटलने सुरू होणारी विशेषनामंही बहुतेक गळतात. पल्ला पाचदा लिहिण्याऐवजी महिरपी कंसात आकडा देऊन किती वेळा ते सांगायचं असेल तर ग्रेपला कॅपिटल ई हा पर्याय लावावा लागतो, नाहीतर तो कंस साधं चिन्ह म्हणून वाचला जातो.

आर आणि टीसाठी एकच साचा लिहायचा अट्टहास नको. गाळणीखाली गाळणी लावा. पहिल्या ग्रेपने लांबी आणि जागा (टोपी, दोनदा तो पल्ला, ए, दोनदा तो पल्ला, डॉलर), तिचं उत्तर उभ्या रेघेने (|) दुसऱ्या ग्रेपला द्या, तिथे फक्त आर. तिसऱ्यात फक्त टी. चौथ्यात व्ही हा पर्याय लावून चौकोनी कंसात ई आणि एस, म्हणजे यांपैकी काहीही असलेली ओळ बाद. क्रमाचा प्रश्नच उरत नाही, आणि कुठल्या पायरीवर शब्द हरवला तेही लगेच दिसतं. एखादं अक्षर दोनदा हवं असेल तर ते अक्षर, टिंब, तारा (*), पुन्हा तेच अक्षर; टिंब-तारा म्हणजे मधे काहीही चालेल.

यादी कोणती आहे तेही बघा. मॅकवर मिळणारी 'वर्ड्‌स' फाइल १९३४ च्या वेब्स्टर कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीवर आधारलेली आहे. तिच्यात आज कोणी न वापरणारे शब्द ढिगाने आहेत आणि साधी अनेकवचनं बहुतांशी नाहीत. शब्द सापडला नाही म्हणजे साचा चुकला, असं समजू नका.

करडाचौकोन

गाळण्या बरोबर आहेत, पण वर्डलसाठी 'ई अजिबात नको' हे कशावरून ठरवलं ते तपासा. वर्डलमध्ये हिरवा म्हणजे अक्षर योग्य जागी, पिवळा म्हणजे शब्दात आहे पण दुसऱ्या जागी. करडा रंग म्हणजे ते अक्षर शब्दात नाहीच, असं मात्र दरवेळी नसतं. उत्तर 'अबाइड' (abide) असताना तुम्ही 'स्पीड' (speed) टाकलात तर पहिला ई पिवळा येतो आणि दुसरा करडा, कारण उत्तरात ई एकच आहे. त्या करड्यावरून ई वगळलात तर खरं उत्तर त्याच गाळणीत जातं. एकाच अक्षराचा एक चौकोन रंगीत आणि एक करडा असेल तर अर्थ एवढाच: ते अक्षर रंगीत चौकोनांइतक्या वेळाच आहे, आणि करड्या जागेवर नाही. पिवळ्यालाही दोन गाळण्या लागतात. अक्षर आहे ही एक, त्या जागी नाही ही दुसरी. लोक दुसरी विसरतात आणि यादी उगाच लांबते.

तुमच्या अटींवर क्राफ्ट, ड्राफ्ट, ग्राफ्ट, चार्ट, ग्रँट, ट्रॅक, ट्रॅम्प, क्वार्ट, अपार्ट असे बरेच उरतील. शेवटी क्राफ्ट, ड्राफ्ट, ग्राफ्ट हे तीनच उरले तर एकेक टाकत बसू नका. सी-ए-डी-जी-ई हा शब्द टाका. सी हिरवा आला तर क्राफ्ट, डी पिवळा तर ड्राफ्ट, जी पिवळा तर ग्राफ्ट. एका खेळीत तिघांचा निकाल. हार्ड मोडमध्ये मात्र हे चालत नाही, कारण सापडलेली अक्षरं पुढच्या खेळीत ठेवावीच लागतात.

रकानेवाला

ग्रेप नको असेल तर एक्सेलही पुरतं. शब्द चिकटवण्याआधी स्तंभाचा प्रकार 'टेक्स्ट' करा. नाहीतर 'ट्रू' आणि 'फॉल्स' हे शब्द तार्किक मूल्यं बनतात, शब्द राहत नाहीत. मग लांबी लेन फंक्शनने, अक्षर आहे का ते सर्चने. फाइंड वापरू नका, त्याला कॅपिटल आणि छोटं अक्षर वेगळं वाटतं. जागेसाठी फिल्टरमध्ये दोन प्रश्नचिन्हं, ए, दोन प्रश्नचिन्हं.

शब्दगाळणी

कॅरेज रिटर्नच होतं, आता दोन्ही फाइली नीट चालतात. आणखी एक: स्क्रॅबलच्या (अक्षरांच्या सोंगट्यांतून शब्द जुळवायचा खेळ) सात सोंगट्यांतून होणारे शब्द याच पद्धतीने निघतील का?

सातसोंगट्या

निघतील, पण तिथे गाळण्यांपेक्षा चांगली युक्ती आहे. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून तो क्रम शब्दाशेजारी साठवा. लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल आणि इनलेट्स या पाचही शब्दांचा क्रम एकच येतो: ई-आय-एल-एन-एस-टी. सात वेगवेगळ्या सोंगट्यांतून २ ते ७ अक्षरांचे एकूण १२० गट होतात. प्रत्येक गट वर्णक्रमाने लावून यादीत शोधायचा, बस. कोरी सोंगटी (कोणतंही अक्षर म्हणून चालणारी) असेल तर तिच्या जागी सव्वीसही अक्षरं घालून बघावी लागतात.

यादी मात्र खेळाप्रमाणे घ्या. स्क्रॅबलसाठीच्या कॉलिन्स कोशाच्या २०१९ च्या यादीत दोन अक्षरी शब्द १२७ आहेत, उत्तर अमेरिकेच्या २०१८ च्या यादीत १०७. झेड-ई कॉलिन्समध्ये चालतो, तिकडे नाही. क्यू-आय दोन्हीकडे चालतो, आणि यू हातात नसताना क्यू खपवायला त्याच्याइतका उपयोगी दुसरा शब्द नाही.