चेनच्या लॉकची क्लिप: बंद तोंड इंजिनकडं की मागं?

सेलूकर_दूध
राम राम मंडळी. माझी शंभर सीसीची गाडी आहे, 2016 ची. गावातून सेलूला रोज दोन टाईम दूध घालायला जातो. मागं लोखंडी फ्रेम केलेली, दोन्ही बाजूला एकेक कॅन. गेल्या मंगळवारी पहाटं कॅनॉलच्या चढाला गाडीनं एकदम ओढ सोडली. इंजिन ओरडायलंय अन् गाडी जाग्यावर. चेन तुटली म्हणून उतरलो, तर तुटली नव्हती, लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) निघालं होतं. सगळी चेन कव्हरात गोळा होऊन बसलेली. कव्हर खोलल्यावर लॉकची पट्टी सापडली, पट्टी धरून ठेवणारी यू आकाराची क्लिप काही सापडली नाही. चुलत भावाला फोन करून दूध डेअरीला पोचवलं, पण चेन मागच्या चाकात अडकली असती तर काय झालं असतं, हे चार दिवस डोक्यातून जात नाही.

हा चेनसेट (चेन अन् तिची दोन्ही दातेरी चाकं) चार महिन्यांमागंच एका गॅरेजवर बदलला होता. आता नवा सेट आणलाय (428 मापाची चेन, क्लिपवालं लॉक) आणि या वेळी घरीच, स्वतःच्या डोळ्यादेखत बसवायचा आहे. पाने, पक्कड, मेन स्टँड सगळं आहे. अडलंय एकाच जागी. माझा मित्र म्हणतो क्लिपचं बंद तोंड इंजिनकडं पाहिजे. मेव्हणा म्हणतो मागच्या चाकाकडं. दोघंबी शपथेवर सांगायलेत. खरं कुणाचं?

आणखी एक. कव्हराच्या आतल्या बाजूला एक चकचकीत रेघ उठलीय, बोटभर रुंद. तिचा याच्याशी काही संबंध असंल का?

औसा_रोड_मिस्त्री
भाऊ, तुझे मित्र अन् मेव्हणे दोघं खरं बोलायलेत, फक्त एकानं लॉक वरच्या बाजूला असताना बघितलंय अन् दुसऱ्यानं खालच्या बाजूला. इंजिन चेनला वरून ओढतं. म्हणजे वरची चेन मागून पुढं पळते अन् खालची पुढून मागं. नियम एवढाच की बंद तोंड चेन जिकडं पळते तिकडं. लॉक वर असेल तर बंद तोंड इंजिनकडं, तेच लॉक फिरून खाली आलं की बंद तोंड मागच्या चाकाकडं दिसणार. इंजिनकडं-मागं असं पाठ करू नको, चुकतं. गाडी न्यूट्रलला ठेव, चाक हातानं पुढच्या दिशेनं फिरव अन् बघ, बंद तोंड पुढं पळतंय का.

असं का, तेही सांगतो, म्हणजे कधी विसरणार नाहीस. क्लिप काढायची असेल तर ती बंद तोंडाच्या दिशेनं सरकवावी लागते, तेव्हा तिचे दोन पाय पिनच्या खाचेतून सुटतात. बंद तोंड पुढं असलं अन् काही आडवं आलं, तर धक्का क्लिपला मागं रेटतो, म्हणजे खाचेत आणखी घट्ट. उलटी बसवली तर तोच धक्का तिला काढून टाकतो. आता तुझी ती चकचकीत रेघ. कॅनच्या फ्रेमनं कव्हर आत दाबलं गेलंय. चेन फिरताना लॉक त्या पत्र्याला दर फेरीला घासत होतं. क्लिप सरळ असती तर घासून झिजली असती, तरी महिनोन्‌महिने टिकली असती. चार महिन्यांत निघाली म्हणजे माझा अंदाज, उलटी होती. नवी चेन घालायच्या आधी ते कव्हर लाकडी ठोकळ्यावर ठेवून बाहेर ठोकून घे अन् फ्रेमचा आडवा पाईप दोन बोटं बाहेर घे. नाहीतर नव्या लॉकचंही तेच होणार.

मी लातूरला औसा रोडला 27 वर्षं गॅरेज चालवलं, आता पोरगं बघतं. चेनच्या बाबतीत सगळ्यात आधी एक सांगू दे, मग बाकीचं. माझ्याकडं शिकायला आलेला एक पोरगा गाडी मेन स्टँडला लावून, पहिल्या गिअरमध्ये इंजिन चालू ठेवून, चेनला फडकं धरून पुसत होता. फडकं स्पॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, गेलं अन् त्याच्यासंगं दोन बोटं. मी पलीकडं चहा पीत होतो. आजही ते दिसतं. चेनचं काहीही काम असो, इंजिन बंद, चावी खिशात.

आता कामाला लागू. जुनी अन् नवी चेन शेजारी ठेवून लांबी मापू नको, जुनी ताणलेली असते. कड्या मोज. बाहेरची कडी अन् आतली कडी एकाआड एक असते, म्हणून चेनच्या कड्या लॉक धरून कायम सम आकड्यातच भरतात. अर्धी कडी घालून कुणी जोडून देतो म्हणलं तर नको म्हण, ती सगळ्यात कच्ची जागा. अन् ताण बघायचा असेल तर 428 च्या 20 कड्या पिनपासून पिनपर्यंत नव्या असताना 254 मिमी भरतात (एक कडी अर्ध्या इंचाची, 12.7 मिमी). 259 च्या पुढं गेली की ती चेन संपली.

पुढचं स्पॉकेट बदलायचं म्हणजे डाव्या बाजूचं कव्हर खोलावंच लागंल. चेन पुढच्या स्पॉकेटवरून घालून घे अन् दोन्ही टोकं मागच्या स्पॉकेटवर आणून शेजारशेजारच्या दातांवर बसव. ही खरी युक्ती. दातच दोन्ही टोकं बरोबर अंतरावर धरतात, तुझे दोन्ही हात मोकळे राहतात. मधे टोकं धरून जोडायला गेलास तर तिसरा हात लागतो. लॉकच्या पिना आतून बाहेर घाल, म्हणजे क्लिप बाहेरच्या बाजूला येते अन् कव्हर उघडलं की दिसते.

मग पट्टी. ती हातानं पूर्ण बसली तर ठीक. घट्ट असेल तर हातोडी मारू नको, पट्टी वाकते अन् पिन तिरकी होते. सी क्लॅम्प (स्क्रूनं आवळायचा शिकंजा) घे, पट्टीवर एक जाड नट ठेव, दोन्ही पिना सारख्या दाब. दोन्ही पिनांची खाच पट्टीच्या बाहेर पूर्ण, गोल दिसली पाहिजे. अर्धी खाच दिसली अन् क्लिप घातली, तर ती खाचेत नाही, पट्टीच्या कडेवर बसते अन् दोन दिवसांत उडते. क्लिप खाचांत सरकव, पकडीचा एक जबडा बंद तोंडावर, दुसरा मागच्या पिनवर, अन् दाब. टक् असा आवाज येतो. स्क्रू ड्रायव्हरनं पाय फाकवून घालू नको, एकदा फाकलेली क्लिप फेकूनच दे. बसल्यावर खिळ्यानं हलवून बघ. अन् लॉक अन् क्लिप दर वेळी नवी, जुनी पुन्हा घालायची नाही, दहा रुपयांसाठी तर मुळीच नाही.

वाळूज_टूलरूम
काकांनी सांगितलेलं क्लिपवाल्या लॉकचं अगदी बरोबर. मी वाळूज एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करते आणि माझ्या गाडीला ओ-रिंगवाली (कड्यांत रबरी रिंग असलेली) चेन आहे, तिचं लॉक रिव्हेटचं आहे, म्हणजे क्लिपऐवजी पिनांची टोकं फुलवून पक्कं करायचं. ज्यांची चेन तशी आहे त्यांच्यासाठी थोडं लिहिते, कारण पहिल्या वेळी मी चुकले.

लॉकसोबत चार रबरी रिंग आणि ग्रीसची छोटी पुडी येते. पिनांना ग्रीस लावून दोन रिंग आतल्या बाजूला, दोन पट्टीच्या आत. मी पट्टी जास्त दाबली. रिंग चिरडल्या, ती एक कडी ताठ झाली आणि चाक फिरवलं की तिथं चेन उडी मारायची. शेवटी नवं लॉक आणावं लागलं. आता शेजारच्या कडीची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी व्हर्नियरनं मोजते आणि लॉकची पट्टी तेवढ्याच मापापर्यंत, चेन प्रेसनं (चेनच्या पिना-पट्टी दाबायचं हत्यार), हळूहळू दाबते. मग पिनच्या पोकळ टोकात प्रेसची टोकदार पिन घालून टोक फुलवायचं. किती फुलवायचं ते चेनच्या कागदावर दिलेलं असतं, तेवढंच. जास्त फुलवलं तर टोकाला केसासारखी चीर पडते, भिंग लावून बघा. हातोडीनं रिव्हेट करू नका. जुनी चेन काढतानाही आधी पिनांची फुगलेली डोकी ग्राइंडरनं सपाट करा, चष्मा लावून, नाहीतर प्रेसची पिन तुटते. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोलनं धुऊ नका, रबर खराब होतं.

जिंतूर_कापूस
मिस्त्री, कव्हर ठोकण्याचं पटलं. आमच्याकडं पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल कव्हरात भरतो अन् वाळला की सिमेंटसारखा होतो. लॉक त्यालाही घासतंच की. कव्हर काढूनच टाकलं तर?

औसा_रोड_मिस्त्री
काढू नका. साडी, ओढणी अडकायची भीती, अन् उघड्या चेनला धूळ-तेलाचा लेप बसतो, तोच तिला खातो. चिखलातून आलात की खालचं रबरी बूच काढून पाण्यानं आतून धुऊन घ्या, वाळल्यावर 90 नंबरचं गिअर ऑईल चेनच्या आतल्या कडेनं लावा. चाक हातानं फिरवत. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असते, तेव्हा तेल आत जातं.

सेलूकर, एक राहिलं. नवी चेन घातली की मागचं चाक पुढं सरकतं, म्हणजे ब्रेकचं माप बदलतं. ब्रेक रॉडचा नट अन् मागचा दिवा कधी लागतो ते तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नको. ढील तुझ्या गाडीच्या पुस्तकात बघ, या गाड्यांना खालच्या चेनच्या मध्यावर साधारण 20 ते 30 मिमी असते. चाक फिरवून चार जागी बघ अन् सगळ्यात ताठ जागेवर माप ठेव.

सेलूकर_दूध
काका, काल रविवारी बसवलं. दुपारभर लागलं, बायकोनं टॉर्च धरला. तुमची खाचेची गोष्ट नसती तर फसलोच होतो. एका पिनची खाच अर्धीच बाहेर होती, सी क्लॅम्पवर पाव फेरा आणखी दिला तेव्हा ती गोल दिसली. टक् आवाज दोघांनीही ऐकला.

जुन्या चेनच्या 20 कड्या मापल्या, 261 भरल्या. चार महिन्यांत एवढी? जुनी स्पॉकेटं हातात घेतली तर दात विळ्यासारखे एकीकडं वाकलेले. त्या वेळी चेनच बदलली होती, स्पॉकेटं जुनीच ठेवली होती, हे आता कळलं. बिलात पूर्ण सेट लिहिलाय.

क्लिपवर पांढऱ्या ऑईल पेंटचा ठिपका दिलाय. कव्हराचं निरीक्षणाचं बूच काढून चाक फिरवलं की ठिपका दिसतो. आज सकाळी दूध घालून आल्यावर बघितला, जाग्यावर आहे. ढील 25 होती ती 30 झालीय. एवढ्यात ताणू की आठवडाभर थांबू?

औसा_रोड_मिस्त्री
नवी चेन पहिल्या दिवसांत थोडी बसतेच. तुझ्या पुस्तकात 30 चालत असेल तरी तू ओझं नेतोस, 25 वर आण. दोन्ही बाजूचे अ‍ॅडजस्टर (चाक मागं-पुढं सरकवायचे नट) सारखे फिरव, अन् नुसत्या खुणांवर जाऊ नको, मागून एक डोळा मिटून बघ, चेन स्पॉकेटवर सरळ जाते का. मागचा नट कसायला विसरू नको. अन् ते बिल जपून ठेव, गॅरेजवर जाऊन दात दाखव.