'एपिलॉग'नंतरचे 13 भाग: 'जस्टिस लीग अनलिमिटेड' कुठे संपायला हवी होती?

सातरस्ता

'जस्टिस लीग अनलिमिटेड' ही मालिका 'एपिलॉग' या भागावर संपली असं समजा आणि पुढचे 13 भाग सोडून द्या, असा सल्ला नवीन बघणाऱ्याला हल्ली डोळे झाकून दिला जातो. आपल्या सोलापूरच्या मंडळींत तर तो जवळजवळ नियमच झालाय. मला तो मुळीच मान्य नाही. म्हणून हा धागा.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. 'जस्टिस लीग' 2001 ला सुरू झाली. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकगर्ल आणि मार्शियन मॅनहंटर असे सात जण, 52 भाग. 2004 मध्ये तिचीच 'अनलिमिटेड' झाली आणि सातांची फौज झाली. पहिल्या 26 भागांत हळूहळू उलगडत गेलेलं कथानक कॅडमसचं. लीगचा वॉचटॉवर अंतराळात, त्यावर खाली जमिनीकडे तोंड केलेली तोफ. ही माणसं उद्या फिरली तर यांना आवरणार कोण, या धास्तीतून अमांडा वॉलर ही सरकारी अधिकारी सरकारी पैशावर कॅडमस ही गुप्त संस्था उभी करते. 'डिव्हायडेड वुई फॉल'मध्ये तो संघर्ष मिटतो. त्यानंतर जुलै 2005 मध्ये 'एपिलॉग' आला. बनवणाऱ्यांनाही तेव्हा हाच शेवट वाटला होता. मग आणखी एक सीझन मिळाला आणि मे 2006 मध्ये 'डिस्ट्रॉयर'वर मालिका खरोखर थांबली.

या शेवटच्या सीझनवर नेहमीचा आक्षेप असा, की कॅडमसचा एवढा जड प्रश्न हातात असताना तो टाकून यांनी खलनायकांचा क्लब काढला. लुथर, ग्रॉड, सिनेस्ट्रो, सगळे एका छताखाली. आता 'पॅट्रियट अ‍ॅक्ट' बघा. जनरल आयलिंग हा कॅडमसचाच माणूस. लीगच्या ताकदीची त्याला एवढी भीती, की तो दुसऱ्या महायुद्धातलं एक रसायन स्वतःला टोचून घेतो, राक्षस होतो आणि सुपरमॅनशी भिडायला मेट्रोपोलिसच्या मिरवणुकीत घुसतो. सुपरमॅन तिथे नसतोच. समोर असतात ग्रीन अ‍ॅरो, व्हिजिलांटी, शायनिंग नाइट, स्टारगर्ल: कुणाकडे धनुष्य, कुणाकडे पिस्तूल, अंगात जन्मजात शक्ती कुणाच्याच नाही. ते मार खातात, पडतात, परत उठतात. शेवटी गर्दीतली साधी माणसं त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहतात आणि त्या चौकात अचाट ताकदीचा एकच जण उरलाय, तो म्हणजे आपण, हे आयलिंगला दिसतं. तो निघून जातो. कॅडमसच्या प्रश्नाला 26 भागांत जे उत्तर मिळालं नाही, ते इथे वीस-बावीस मिनिटांत मिळतं.

आणि 'फ्लॅश अँड सब्स्टन्स'. फ्लॅशच्या नावाचं संग्रहालय उघडतंय आणि त्याचे जुने शत्रू त्याचा काटा काढायला जमलेत. बॅटमॅन आणि ओरायन मदतीला आलेत, दोघांचीही पद्धत धाक दाखवायची. फ्लॅश मात्र बारमध्ये ट्रिकस्टरच्या शेजारी जाऊन बसतो आणि विचारतो, औषधं बंद केलीस का? अंगावर आपला जुना वेश चढलाय हेही त्या माणसाच्या ध्यानात नसतं. फ्लॅश त्याला दवाखान्यात भेटायला येण्याचा शब्द देतो, आणि ट्रिकस्टर आपणहून सगळा बेत सांगून टाकतो. सुपरहिरोंच्या कार्टूनमध्ये मानसिक आजाराकडे इतक्या मायेनं बघितलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. हे सोडून द्या म्हणता?

'केऑस अ‍ॅट द अर्थ्स कोअर' आणि 'ग्रज मॅच' कमकुवत आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही.

पूर्वभाग

मालक, दोन चांगले भाग दाखवून 13 भागांची वकिली होत नाही.

कॅडमसचं कथानक मोठं का होतं? कारण त्यात दोन्ही बाजू बरोबर होत्या. दुसऱ्या विश्वातल्या सुपरमॅननं राष्ट्राध्यक्ष लुथरला मारलं आणि जगावर पोलादी शिस्त बसवली, हे आपण 'अ बेटर वर्ल्ड'मध्ये पाहिलेलं. म्हणजे वॉलरच्या भीतीला पुरावा होता. 'फ्लॅशपॉइंट'मध्ये लुथर तीच तोफ ताब्यात घेऊन डागतो आणि लोकांना वाटतं लीगनं डागली. त्या वेळी आपणही, बघणारे, लीगवर शंका घेत होतो. असं लिखाण लहान मुलांच्या चॅनलवर कधी होत नव्हतं.

आणि पुढच्या सीझनमध्ये? खलनायक खलनायकासारखे, नायक नायकासारखे. कुणाच्या मनात कसली शंका नाही. हॉकगर्ल, ग्रीन लँटर्न आणि व्हिक्सनचा प्रेमाचा त्रिकोण 'शॅडो ऑफ द हॉक'पासून ओढत 'एन्शन्ट हिस्टरी'पर्यंत आणला. पुनर्जन्माची गोष्ट घातली, हॉकगर्ल-लँटर्नचा भविष्यातला मुलगा आधीच दाखवून ठेवलेला, आणि शेवटी ग्रीन लँटर्न म्हणतो मी नशिबाच्या हातचं बाहुलं होणार नाही. बरं, मग पुढे? काही नाही. तिथेच सोडून दिलं. दोन सीझन लोकांना थांबायला लावून असं वागायचं नसतं.

'पॅट्रियट अ‍ॅक्ट' चांगला आहे, मान्य. पण आयलिंगला राक्षस केल्यामुळे प्रश्न सोपा झाला. वॉलर राक्षस नव्हती. ती ऑफिसात बसलेली, हुशार, देशाची काळजी असलेली बाई होती. तिच्याशी वाद घालणं अवघड होतं.

भुईकोट

पूर्वभागशी सहमत. थोडं गावाकडे वळून बोलतो. 1930 मध्ये आपल्या शहरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 ला फाशी झाली. ज्याच्या हातात बेहिशोबी ताकद आहे त्याच्यावर अंकुश कुणाचा, हा प्रश्न आपण शाळेपासून ऐकत वाढलोय. कॅडमसचे भाग मला म्हणून भिडले. वॉचटॉवरवरची तोफ बघताना मला लीगचा राग यायचा.

सातरस्ता

भुईकोट, उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते तुमच्याच बाजूवर उलटतं. मार्शल लॉ सरकारनं लावला होता. संशयावरून माणसं उचलणं, कायदा बाजूला ठेवणं, 'शहराच्या भल्यासाठी' म्हणणं, हे सगळं कॅडमसच्या पारड्यात जातं. 'क्वेश्चन अथॉरिटी'मध्ये क्वेश्चन या लीगच्या माणसाला पकडून त्याचे हाल कोण करतं? लीग नव्हे. तोफेवर तुमचा राग रास्त आहे, पण ती तोफ लीगनं नंतर काढून टाकली आणि जमिनीवर मेट्रो टॉवर बांधला. त्यांनी लोकांचं ऐकलं. शेवटच्या सीझनमध्ये लीगचं दार जमिनीवर उघडतं, हा बदल छोटा नाही.

भुईकोट

लोकांचं ऐकलं की आपणच ठरवलं? संघ मोडतो म्हणून सुपरमॅननं जाहीर केलं, ग्रीन अ‍ॅरोनं समजूत घातली, आणि संघ राहिला. मतदान कुठे झालं? चांगल्या माणसांनी आपणहून घातलेलं बंधन ते कधीही आपणहून काढू शकतात. माझा मुद्दा तिथेच आहे. शेवटच्या सीझनमध्ये तो कुणी विचारतच नाही, म्हणून मला तो सीझन पोकळ वाटतो.

विजापूरवेस

तुमी सगळे सलग बघून बोलायलाव. मी सलग कधी बघितलोच नाही.

2005-06 ला आमच्याकडं लोडशेडिंग लई होतं. कार्टून नेटवर्कवर जस्टिस लीग लागायची आन मधीच लाइट जायची. दोन भागांची गोष्ट असली की पहिला भाग मिळायचा, दुसरा नाही. कॅडमस काय प्रकरण हाय मला कळंना. वॉलर कोण, गॅलेटिया कोण, सुपरगर्लसारखी दिसणारी ती पोरगी तिच्याशीच का भांडायली, काय पत्ता लागायचा नाही. इंग्रजी बी अर्धंच कळायचं.

पण एका भागात सुरू होऊन त्याच भागात संपणारी गोष्ट असली की पोट भरायचं. मोठ्या कथानकाचंच कौतुक करणाऱ्यांना हे कळत नाही. हे कार्टून सिडी लावून, वही घेऊन बघायला बनवलेलं नव्हतं. शाळेतून आलेल्या पोरांसाठी होतं. एका भागात आख्खी गोष्ट सांगणं लई अवघड काम हाय. फ्लॅश आन ट्रिकस्टर बारमधी बसल्यात, त्याच्या आधीचं एक अक्षर माहीत नसलं तरी कळतंय की हा माणूस आजारी हाय आन फ्लॅश त्याचा दोस्त हाय. 'द ग्रेट ब्रेन रॉबरी' तसंच. लुथरचं मन फ्लॅशच्या शरीरात शिरतंय, फ्लॅशचं लुथरच्या. आवाज तोच, पण बोलायची पद्धत बदलली की अंगावर काटा येतोय. मायकल रोझेनबॉमनं फ्लॅशच्या आवाजात लुथर काढलाय, ते काम एकदा कान देऊन ऐका बे.

शेंगाचटणी

सगळेजण 'एपिलॉग'ला देवघरात बसवून बोलताहेत, म्हणून लिहिते. 'एपिलॉग' हा परिपूर्ण शेवट नाहीच.

त्यातला एस आणि बॅटमॅनचा प्रसंग मला आजही सलग बघवत नाही. कॅडमसनं हत्यार म्हणून वाढवलेली मुलगी मरायला टेकलीय, तिची शक्ती मरताना हजारो जीव घेईल अशी भीती आहे, आणि वॉलर बॅटमॅनला तिला मारायचं साधन देऊन पाठवते. तो ते बाजूला ठेवतो. तिच्या शेजारच्या झोपाळ्यावर बसतो आणि शेवटपर्यंत बसून राहतो. बॅटमॅन कोण आहे हे कुणी विचारलं तर मी तेवढाच प्रसंग दाखवीन.

पण त्याच भागात टेरी मॅकगिनिसचं काय केलं? 'बॅटमॅन बियॉन्ड' या भविष्यकाळातल्या मालिकेतला टेरी हा कुणीतरी साधा, थोडा वाया गेलेला मुलगा होता. त्याचा मूळ बॅटमॅनच्या, म्हणजे ब्रूस वेनच्या घराण्याशी संबंध नव्हता, तरी तो बॅटमॅन झाला, ही त्याची सगळी कमाई. 'एपिलॉग' येऊन सांगतो की वॉलरनं त्याच्या वडिलांना लशीच्या नावाखाली काहीतरी टोचलं आणि टेरी जन्मानं ब्रूस वेनचाच मुलगा आहे. म्हणजे शेवटी रक्तच! आपल्याकडे आडनाव ऐकून माणसाचा वकूब ठरवणारे कमी आहेत का, की कार्टूननंही तेच शिकवावं? मला तेव्हाही राग आला होता आणि आताही येतो.

'पॅट्रियट अ‍ॅक्ट' याच्या अगदी उलट बोलतो, की अंगात काही नसलेली माणसंही उभी राहू शकतात. त्यामुळे निवडायची वेळ आली तर मी सातरस्ताच्या बाजूला.

पूर्वभाग

शेंगाचटणीताई, टेरीवर तुम्ही अन्याय करताय. वॉलरचा बेत फक्त रक्ताचा नव्हता. ब्रूससारखे याचेही आईवडील डोळ्यांदेखत मारायचे, म्हणजे हा तसाच घडेल, असं तिनं ठरवलं होतं. त्या कामाला पाठवलेली मारेकरी फँटॅझम ऐन वेळी माघार घेते, कारण ब्रूसनं हे कधीच केलं नसतं. बेत फसला. टेरीच्या वडिलांचा खून पुढे वेगळ्याच कारणानं झाला आणि बॅटमॅन व्हायचं टेरीनं स्वतः ठरवलं. रक्त मिळालं तरी नशीब ठरवता आलं नाही, असं मी त्या भागातून घेतो.

शेंगाचटणी

घ्या तुम्ही तसं. पण रक्ताची गोष्ट काढून टाकली असती तर भागाचं काय बिघडलं असतं? वॉलरनं साधा एक मुलगा हेरला, त्याच्यावर नजर ठेवली, एवढंही पुरलं असतं. त्यांना ते पुरलं नाही, हाच माझा आक्षेप आहे.

सातरस्ता

आता 'डिस्ट्रॉयर'बद्दल. अजून कुणी त्याला हात लावलेला नाही.

'अलाइव्ह!'मध्ये ब्रेनियॅकला जिवंत करायला निघालेला लुथर चुकून अपोकोलिप्स ग्रहाचा हुकूमशहा डार्कसाइड याला परत आणतो. जवळजवळ पूर्ण भाग खलनायकांचा, लीग शेवटी दिसते. ते धाडस तर आहेच. पण पुढचं बघा. पृथ्वीवर अपोकोलिप्सची फौज उतरते, नायक-खलनायक खांद्याला खांदा लावून लढतात, आणि सुपरमॅन डार्कसाइडला सांगतो की आपण कायम पुठ्ठ्याच्या जगात वावरल्यासारखे जपून वागतो, काही मोडू नये, कुणी मरू नये म्हणून. आज समोर तू आहेस, आज हात सोडता येईल.

हे फक्त जोरदार भाषण म्हणून लोक शेअर करतात. माझ्या मते कॅडमसचा प्रश्न इथे पुन्हा येतो. वॉलरला ज्याची भीती होती, तीच भीती सुपरमॅन रोज स्वतःबद्दल बाळगून जगतो. तिनं ती तोफा आणि क्लोन बांधून हाताळली, त्यानं स्वतःला आवरून. 'एपिलॉग'वर थांबलात तर हे ऐकायलाच मिळत नाही. सुपरमॅनच्या तोंडून उत्तर न घेताच तुम्ही खटला बंद करता.

दोन्हींच्या लेखनात ड्वेन मॅकडफी आहेत. त्यामुळे हा दुवा योगायोगानं आला असं मला वाटत नाही.

भुईकोट

वाचन चांगलं आहे. हा दुवा मी असा जोडला नव्हता. पण हे बोलून झाल्यावर सुपरमॅन काय करतो? डार्कसाइडला भर शहरातून, इमारतींतून आरपार फेकतो. इतकी वर्षं आवरलं म्हणायचं आणि सोडलं कुठे, तर लोकवस्तीत. वॉलर ते टीव्हीवर बघत असती तर फाइल पुन्हा उघडली असती.

आणि लुथर? डार्कसाइडला आणणारा तोच. डार्कसाइड ज्याच्या शोधात असतो ते सूत्र, अँटी-लाइफ इक्वेशन, तो घेऊन येतो, डार्कसाइडसोबत प्रकाशात नाहीसा होतो, आणि त्याच्या सगळ्या पापांचा हिशोब तिथेच मिटतो. बाकीच्या खलनायकांना बॅटमॅन पळायला पाच मिनिटं देतो. माझ्या दृष्टीनं ही सुटका आहे, शेवट नव्हे.

सातरस्ता

पाच मिनिटं ही सुटका नाही, तो पाळलेला शब्द आहे. ते लोक आपणहून मदत मागायला आले, सोबत लढले. त्यांना तिथल्या तिथे बेड्या ठोकल्या असत्या तर पुढच्या वेळी कुणी आलं असतं का? इमारतींचा मुद्दा मात्र वजनदार आहे. त्यावर माझ्याकडे एवढंच आहे, की समोर डार्कसाइड होता आणि लढाईची जागा सुपरमॅननं निवडलेली नव्हती.

विजापूरवेस

मार्शियन मॅनहंटरचं कुणीच काढंना. 'टू अनदर शोअर'मधी तो लीग सोडतोय, माणसांत राहायला जातोय. वॉचटॉवरवर बसून सगळ्यांचं मन वाचणारा, पण माणसांत कधी न राहिलेला. भुईकोट म्हणतंय अंकुश कुणाचा. त्याला एक तरी माणूस उत्तर देतोय की, खाली उतरून. 'डिस्ट्रॉयर'मधी गरज पडल्यावर परत येतोय, तवर तिथंच.

पूर्वभाग

आणि त्या एका माणसावर किती मिनिटं खर्च केली? 'टू अनदर शोअर'मध्ये निम्मा वेळ व्हायकिंग प्रिन्सच्या प्रेतामागे गेलाय. मार्शियन मॅनहंटरचं माणसांत राहणं हा एक पूर्ण भाग होता. तो त्यांनी लिहिला नाही आणि 'ग्रज मॅच' लिहिला. 13 भाग हातात असताना असं केलं, म्हणून मी अजूनही जुलै 2005 वरच थांबतो.