मदत हवी आहे: आईला आणि भाचीला घेऊन राणीबाग, दिवस कसा आखू?

मला या गुरुवारी सुट्टी आहे (बुधवारी राणीबाग बंद असते म्हणून मुद्दाम गुरुवार घेतला), आई आणि पाच वर्षांच्या भाचीला घेऊन कल्याणहून जायचा विचार आहे. भाचीला फक्त आणि फक्त पेंग्विन बघायचेत, पण आईचे गुडघे दुखतात आणि भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरून गेटपर्यंत आणि मग आत एवढं चालणं तिला झेपेल का याचीच काळजी वाटतेय. आत व्हीलचेअर किंवा बॅटरीवाली गाडी मिळते का, कोणी अलीकडे जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

दुसरं म्हणजे सकाळी उघडल्या उघडल्या आधी पेंग्विन करावे की पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात जावं? पेंग्विन एसीत असतात म्हणजे ते दुपारच्या उन्हासाठी ठेवावेत असं मला वाटतं, पण तेव्हा रांग किती असते? घरचा डबा आत नेऊ देतात का आणि बसून खायला सावलीची जागा कुठे?

आईला खरं तर प्राण्यांपेक्षा तिथली जुनी झाडं बघायचीत, 1860 च्या दशकातली बाग आहे ती, गोरखचिंच नक्की कोणत्या बाजूला आहे तेही सांगा. शेजारचं भाऊ दाजी लाड म्युझियम त्याच दिवशी जमेल की आईची फार दमणूक होईल?