भाड्याच्या फ्लॅटचं पार्किंग नक्की कुणाचं?

कर्वेनगरचा पाहुणा:
दोन महिने झाले, कोथरूड-कर्वेनगरात टू बीएचके शोधतोय. जाहिरातीत सगळीकडे 'कव्हर्ड पार्किंगसह'. परवा एका फ्लॅटचं टोकन देणार, तेवढ्यात बायको म्हणाली, आधी गाडी लावून बघ. लावली. एका अंगाला खांब, दुसऱ्या अंगाला पाण्याचा पंप. दार उघडतं वीतभर. एजंट शांतपणे म्हणाला, "साहेब, आधीचे भाडेकरू बारीक होते."

माझं म्हणणं एवढंच, की पार्किंग सांगून भाडं वाढवून घेता, तर जागेचा नंबर करारात लिहा. तिथे आले की सगळे मालक गुळमुळीत बोलायला लागतात.

सातवं वर्ष सेक्रेटरी:
गुळमुळीत बोलतात, कारण जागा त्यांची नसते. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच सांगितलंय, स्टिल्ट (इमारतीखालचं, खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही. वाटप सोसायटी करते, आणि उपविधींप्रमाणे ते सभासदांना. गाड्या जास्त झाल्या तर दरवर्षी चिठ्ठ्या. आमच्याकडे ४२ फ्लॅट, जागा २८. सभासदाची गाडी रस्त्यावर आणि भाडेकरूची आत, हे मी सर्वसाधारण सभेत कुठल्या तोंडाने सांगू?

भाडेकरू क्र. १:
सेक्रेटरीसाहेब, फ्लॅट भाड्याने दिला म्हणून मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेताना तोंड बरोबर सापडतं! सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत घेता, आणि तो पैसा शेवटी आमच्याच भाड्यातून जातो. मालक स्वतः राहत असता तर त्याची गाडी आत असती ना? त्याच्या जागी मी राहतोय.

शिवाय तुमचा निकाल रेराच्या, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याच्या, आधीचा. आता झाकलेलं पार्किंग बिल्डर पैसे घेऊन देऊ शकतो, उघडं नाही. २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, बिल्डरच्या विक्री करारात पार्किंगची लांबी-रुंदी-उंचीसुद्धा लिहायला लावली. म्हणजे नव्या इमारतीत मालकाच्या खरेदीखतात जागा सापडते. ते बघायला मागायचं. जुन्या इमारतींत मात्र तुम्ही म्हणता तसंच आहे, हे मान्य.

एका फ्लॅटचा मालक:
मी दिलं होतं लिहून. पुढच्या वर्षी चिठ्ठीत दुसऱ्याचं नाव निघालं, भाडेकरूने महिन्याला दोन हजार कापायला सुरुवात केली. तेव्हापासून करारात एकच ओळ टाकतो: 'पार्किंग सोसायटीच्या नियमानुसार'.

कर्वेनगरचा पाहुणा:
मग जाहिरातीतही तेच लिहा की! भाडं 'कव्हर्ड पार्किंग'चं आणि करार 'नियमानुसार'चा?

सायकलवाला:
गाडी विका. वनाजपासून मेट्रो आहे.

कर्वेनगरचा पाहुणा:
सासऱ्यांचं डायलिसिस असतं आठवड्यातून दोनदा. परत येताना त्यांना लिफ्टपर्यंत धरून न्यावं लागतं. त्यांना जिना चढवून मेट्रोत बसवायला तुम्ही येणार का?

वाकडची वरची गाडी:
पार्किंग मिळालं म्हणून हुरळू नका, कुठल्या प्रकारचं ते बघा. आमचं स्टॅक, म्हणजे यंत्राच्या ट्रेवर एकावर एक गाड्या; माझी गाडी वर. खालच्याने गाडी काढल्याशिवाय माझी उतरत नाही. मुलीला रात्री ताप चढला तेव्हा खालच्यांचा फोन बंद, शेवटी वॉचमनने जाऊन दार वाजवलं. आणि वीज गेली की जनरेटर चालू होईपर्यंत आम्ही खाली उभे, गाडी लटकलेली. उंच गाडी तर ट्रेवर बसतच नाही. एजंट यातलं काही सांगत नाहीत, घाईने स्वयंपाकघर दाखवायला नेतात.

कर्वेनगरचा पाहुणा:
उद्या मेजरिंग टेप घेऊन वारज्याला चाललोय. तिथले मालक म्हणतात, सोसायटीचं अलॉटमेंट पत्र आहे. फोटो पाठवलाय, पण खाली सही दिसत नाही.

सातवं वर्ष सेक्रेटरी:
सही-शिक्का बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. चिठ्ठ्या कोणत्या महिन्यात टाकतात तेही विचारा. आणि स्कूटर असेल तर तिची जागा वेगळी विचारून घ्या, ती कारच्या जागेत लावली की आम्हीच नोटीस काढतो.