चोविसाव्या वर्षी शंभर वर्षं जुन्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख कंडक्टर? (क्लाउस मॅकेला)

पेटीवाला_कर्वेनगर

मंडळी, आधीच सांगून टाकतो, पाश्चात्त्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. मी पेटीवाला माणूस. पण कन्या पंधरा वर्षांची, व्हायोलिन शिकते, तेही मांडी घालून नाही. उभं राहून, हनुवटीखाली धरून, समोर नोटेशनचं स्टँड लावून. सध्या घरात एकाच माणसाचे व्हिडिओ चालू असतात. क्लाउस मॅकेला, फिनलंडचा, जन्म जानेवारी १९९६.

तिच्याकडून कळलेली कुंडली अशी: २०२० मध्ये ऑस्लो फिलहार्मोनिकचा प्रमुख कंडक्टर (म्हणजे समोर उभा राहून काठीने सगळ्यांना वाजवायला लावणारा), वय २४. तो ऑर्केस्ट्रा १९१९ चा. म्हणजे पोरगं चोवीसचं आणि संस्था एकशे एक वर्षांची. पाठोपाठ पॅरिसचा ऑर्केस्ट्र द पारी. आता २०२७ पासून अ‍ॅमस्टरडॅमचा कॉन्सर्टखबाऊ आणि शिकागो सिंफनी, दोन्ही ऑर्केस्ट्रा एकदम.

मला हे पचत नाही. आमची सगळी हयात सवाईच्या मांडवात गेली. तिथे नवं नाव दुपारी ऊन उतरायच्या आत बसतं आणि ज्येष्ठांसाठी लोक शेवटपर्यंत थांबतात. प्रभाताई अत्रे ऐंशी ओलांडल्यावर गायल्या तेव्हा त्या एकेका स्वरामागे काय होतं ते आम्ही ऐकलंय. इथे तर माणूस स्वतः एक स्वरही वाजवत नाही, समोर शंभर वाजवणारे, त्यातले निम्मे त्याच्या वडलांच्या वयाचे. त्यांना हा काय सांगणार? का हा सगळा देखण्या चेहऱ्याचा आणि जाहिरातीचा खेळ?

विचारायचं कारण असं की कन्या परवा आजीची विणकामाची सुई घेऊन आरशासमोर उभी होती. "बाबा, मला हेच करायचंय." आजी म्हणाली, "डोळ्यात जाईल गं सुई." मी काहीच बोललो नाही, कारण काय बोलायचं तेच कळेना.

टिनपाट

धाग्याचं नाव अर्धंच वाचलं. म्हटलं एस्टीत भरती निघाली वाटतं.

कालव्यापलीकडे

दादा, मी अ‍ॅमस्टेलवेनला (ॲमस्टरडॅमला लागूनच) चौदा वर्षं आहे, नोकरी आयटीतली, पण दर मंगळवारी संध्याकाळी एका हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. बसते सगळ्यांच्या मधोमध आणि ऐकू कुणालाच येत नाही. त्यामुळे कंडक्टरकडे बघायला मला भरपूर वेळ मिळतो. तेवढ्याच अधिकाराने लिहिते.

आधी तुमचा "स्वतः वाजवत नाही" हा मुद्दा. मॅकेला चेलोवादक आहे, अजूनही चेंबर म्युझिकमध्ये, म्हणजे मोजक्या वादकांच्या मैफलीत, वाजवतो. वडील चेलोवादक, आई पियानोवादक. लहानपणी फिनिश नॅशनल ऑपेराच्या बालगायकवृंदात होता, कंडक्टर व्हायचं खूळ तिथे डोक्यात शिरलं. बाराव्या वर्षी हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत योर्मा पानुलांच्या हाताखाली गेला. हे पानुला म्हणजे १९३० चा जन्म, आणि कंडक्टर झालेल्या शिष्यांची यादी अशी की घराणंच म्हणा: एसा-पेक्का सालोनेन, सकारी ओरामो, सुसाना मॅल्की, मिक्को फ्रांक. पद्धत साधी. पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्यापुढे खरे वाजवणारे बसवायचे, त्याने दहा-पंधरा मिनिटं कंडक्ट करायचं, सगळं व्हिडिओवर घ्यायचं आणि मग तो व्हिडिओ त्याचा त्यालाच बघायला लावायचा. गुरुजी स्वतः फार बोलत नाहीत. त्यांचं एक सांगणं सगळे शिष्य सांगतात: वाजवणाऱ्यांना मदत करा, त्यांच्या आड येऊ नका.

म्हणजे हिशेब करा. ऑस्लोच्या व्यासपीठावर तो चोविसाव्या वर्षी चढला तेव्हा त्याचा रियाज बारा वर्षांचा होता, आणि तो आरशासमोरचा नाही, माणसांसमोरचा. (सुई मात्र काढून घ्या. खरंच डोळ्यात जाते.)

आता "हा काय सांगणार" याबद्दल. हे मला माझ्याच फजितीतून कळलं. मागच्या वर्षी आम्ही ड्वोर्झाकची आठवी सिंफनी (सिंफनी म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) बसवत होतो. चार मात्रा थांबून आत यायचं होतं, मी तीनलाच घुसले. एकटी. व्हायोला आयुष्यात प्रथमच सगळ्यांना ऐकू आला. आमचे कंडक्टर निवृत्त संगीतशिक्षक, त्यांनी थांबवलं नाही, रागावले नाहीत, डावा तळहात जरा उचलला आणि पुढे गेले. पण त्यानंतर दर तालमीत ती जागा आली की एक मात्रा आधीच त्यांची नजर माझ्यावर असायची. मी परत कधी चुकले नाही. कंडक्टरचं काम हे आहे. जे वाजतंय ते वाजणाऱ्यांच्या हातात असतं, कंडक्टर पुढच्या मात्रेत राहतो.

आता मॅकेला. मे २०२५ मध्ये इथे मालर या संगीतकाराच्या रचनांचा महोत्सव झाला, त्यात त्याने कॉन्सर्टखबाऊ ऑर्केस्ट्राबरोबर पहिली सिंफनी केली. मी मंचामागच्या जागा घेते. तिथून पितळी वाद्यं कानठळ्या बसवतात, व्हायोलिन लांबून येतं, पण कंडक्टरचा चेहरा समोर असतो. त्या सभागृहात कंडक्टरला वरच्या दारातून लाल गालिचाचा लांब जिना उतरून, वाजवणाऱ्यांमधून वाट काढत खाली यावं लागतं. म्हाताऱ्या कंडक्टरांना तो जिना उतरताना बघून आपल्यालाच धाकधूक होते. हा एकोणतीस वर्षांचा, टकाटक उतरला.

या सिंफनीच्या पहिल्या पानावर सगळी तंतुवाद्यं एकच स्वर धरून बसतात, सात सप्तकांत पसरलेला, बहुतेकांनी तारेवर बोट नुसतं टेकवून काढलेला, पोकळ. तुमच्या भाषेत सांगायचं तर तानपुरे जुळले की गवई तोंड उघडायच्या आधी खोलीत जे भरून राहतं ते. तिथे हातवारे केले की संपलं. त्याने काठी जवळजवळ हलवलीच नाही. खालच्या डबल बासवाल्यांकडे बघत राहिला, तोंड किंचित उघडं, आपणच श्वास रोखल्यासारखं. आणि शेवटच्या भागात, जिथे सातही हॉर्नवाल्यांनी उभं राहून वाजवायचं असं मालरनेच लिहून ठेवलंय, तिथे त्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते उठणार हे त्याला माहीत होतं. तो दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांकडे वळला होता, कारण त्या गदारोळात दबणार तेच. एवढं बघून माझं वयाबद्दलचं मत बदललं.

जाहिरात आहेच, नाही कशाला म्हणू. डेक्कासारख्या रेकॉर्ड कंपनीने करार केलाय, चेहरा चांगला आहे, सूट अंगावर बसतो. पण नेमणूक चेहऱ्यावर होत नाही. ऑस्लोत तो मे २०१८ मध्ये प्रथम गेला, पाहुणा म्हणून. ऑक्टोबरमध्ये त्याचं नाव जाहीर. आणि प्रत्यक्ष रुजू व्हायच्या आधीच, २०२० च्या मे महिन्यात, तीन वर्षांचा करार सात वर्षांचा केला. पाहुण्याला हातात मिळतात तीन-चार तालमी. पहिल्या वीस मिनिटांत वाजवणाऱ्यांना कळतं की हा कुठे थांबवतो आणि कशासाठी थांबवतो. जो प्रत्येक चुकीला थांबतो तो गेला. अर्ध्या चुका दुसऱ्या वेळी आपोआप सुधारतात, त्या सोडून देता आल्या पाहिजेत.

आणि एक गंमत. कॉन्सर्टखबाऊने २०२२ मध्ये त्याचं नाव जाहीर केलं तेव्हा इथेही "फारच लहान" म्हणून कुजबुज झाली. वय २६. याच ऑर्केस्ट्राने १८९५ मध्ये विलेम मेंगेलबर्गला प्रमुख केलं होतं, तेव्हा तो २४ चा होता. पन्नास वर्षं राहिला.

नरीमन_पॉइंट_रिटर्न

ताई छान लिहिलंत. पण मुंबईकर असून झुबिन मेहतांचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून मला उठावं लागलं.

पेटीवाले, हे सगळं आपल्या मुंबईच्या पोराने साठ वर्षांपूर्वी करून दाखवलंय. जन्म १९३६. वडील मेहली मेहता, ज्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी उभी केली. पोरगा व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्कींकडे शिकायला गेला आणि तिथे डबल बास वाजवायचा. हेही ताईंच्याच मुद्द्यात बसतं: आधी रांगेत बसा, मग समोर उभे राहा. एवढंच नाही, मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायला मिळाव्यात म्हणून हा आणि क्लाउदियो आबादो (तोही पुढे मोठा कंडक्टर झाला) गायकवृंदात भरती झाले. म्हणजे तिकीट न काढता तालीम बघायची सोय. अस्सल मुंबईकर.

१९६१ मध्ये माँट्रिआल, १९६२ मध्ये लॉस एंजलिस. वय पंचवीस-सव्वीस, दोन ऑर्केस्ट्रा, एकदम. आणि लॉस एंजलिसची गोष्ट तर नाटकात शोभेल. तिथे प्रमुख म्हणून यायचे होते गेओर्ग शोल्टी. त्यांना न विचारता व्यवस्थापनाने झुबिनला साहाय्यक नेमलं, शोल्टी भडकले, राजीनामा दिला, आणि साहाय्यकच प्रमुख झाला. हे शोल्टी पुढे १९६९ मध्ये शिकागोला गेले, बावीस वर्षं तिथे राहिले आणि त्या ऑर्केस्ट्राचं नाव जगभर केलं. आता त्याच खुर्चीवर तुमच्या कन्येचा मॅकेला बसणार.

मी नरीमन पॉइंटच्या एनसीपीए सभागृहात २००६ पासून, म्हणजे सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला तेव्हापासून जातोय. कन्येला फेब्रुवारीत किंवा सप्टेंबरात एकदा घेऊन या. व्हिडिओत कॅमेरा दाखवेल तेच दिसतं.

मडगांवची_लोकल

माझा थोडा वेगळा सूर. काठी धरायची घाई नको. आमच्या गोव्यात चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, आधी सोल्फेज शिकवायचे, म्हणजे कागदावरचे स्वर तोंडाने म्हणायचे, आणि वाद्य हातात मिळायचं फार नंतर. पोरं कंटाळून रडायची. पण तीच पोरं पुढे मुंबईच्या फिल्मी रेकॉर्डिंगला गेली आणि समोर कागद आला की पहिल्या फटक्यात वाजवू लागली. आमच्या घरात असे दोघे होते. त्यांचं म्हणणं, समोर उभा असलेला माणूस कागद कानाने वाचतोय का डोळ्यांनी, हे दोन मिनिटांत कळतं.

आणि मॅकेलाबद्दल माझी तक्रार वयाची नाहीच. दोन दगडांवर पाय ठेवतोय त्याची आहे. एक दगड हॉलंडात, दुसरा अमेरिकेत. मेंगेलबर्ग पन्नास वर्षं राहिला म्हणता, हा वर्षातून किती दिवस राहणार?

कालव्यापलीकडे

हा बाण बरोबर लागला. शिकागोत वर्षाला किमान चौदा आठवडे, दौरे धरून, आणि इथे किमान बारा. ऑस्लो आणि पॅरिस २०२७ मध्ये सोडतोय, नाहीतर कठीणच होतं. झुबिनकाकांनी दोन सांभाळले हे खरं, पण दोन्ही एकाच खंडात होते.

माझीही भीती हीच आहे. त्याचा सिबेलियस या फिनिश संगीतकाराच्या सातही सिंफनींचा संच २०२२ मध्ये आला, ऑस्लोबरोबरचा, त्यावर समीक्षकांचे दोन तट पडले. मी तो सायकलवरून येता-जाता महिनाभर ऐकला. आवाज असा की तारेवरून हात फिरवावासा वाटतो. पण चौथ्या सिंफनीत मला प्रत्येक जागा सुंदर लागली आणि एक जागा दुसरीकडे का गेली ते कळलं नाही. ख्याल चांगला भरलाय पण बढत दिसत नाही, असं तुम्ही म्हणाल. मालर ऐकला त्या दिवशी मात्र बढत होती. तीन वर्षांचा फरक. त्याला वेळ मिळाला तर हे होतं, आणि वेळच तो सगळीकडे वाटत सुटलाय.

त्याच्यामागून आणखी एक येतोय, तार्मो पेल्टोकोस्की, २००० सालचा, तोही पानुलांचा, आणि २०२६ पासून हाँगकाँग फिलहार्मोनिकचा प्रमुख. त्याच्यापुढे मॅकेला ज्येष्ठ वाटेल.

पेटीवाला_कर्वेनगर

सगळ्यांचे आभार. ताई, एक शंका. काल मी एक व्हिडिओ नीट बघितला. त्याची काठी खाली येते आणि आवाज मागाहून येतो. सम चुकतेय का माझी?

कालव्यापलीकडे

सम तुमची बरोबर आहे, दादा. मोठे ऑर्केस्ट्रा काठीवर वाजवत नाहीत, काठीच्या मागून वाजवतात. मी पहिल्यांदा इथल्या हौशी ऑर्केस्ट्रात बसले तेव्हा काठीबरोबर वाजवून सगळ्यांच्या आधी संपवलं होतं. काठी काय झालं ते सांगत नाही, काय व्हायचंय ते सांगते. एक करा, आवाज बंद करून पाच मिनिटं बघा, आणि पुढे काय येणार ते कन्येला ओळखू दे. मोठं की हळू, कोणती वाद्यं. मग आवाज लावून तीच पाच मिनिटं परत.

पेटीवाला_कर्वेनगर

केलं. रात्री जेवणं झाल्यावर, आईसकट तिघं बसलो. कन्येने सातपैकी पाच वेळा बरोबर सांगितलं. मी दोनदा. आईने एकदाच सांगितलं, "आता तो मागच्या पोराला बोलावतोय बघ," आणि आवाज लावल्यावर मागून ओबो (फुंकून वाजवायचं वाद्य) आला.

फेब्रुवारीची तिकिटं बघतो. कन्येच्या सरांशी बोललो, ते म्हणाले, आधी दुसऱ्या व्हायोलिनमध्ये दोन वर्षं बसू दे. ती तयार आहे, तोंड जरा वाकडं करून. आईने दहा नंबरची सुई परत मागून घेतली आहे. स्वेटर बाहीपाशी अडलाय म्हणे.